दुखणारा पाय आणि न दुखणारा पाय



गेल्या अंकात गुडघेदुखीविषयी लिहिले होते. त्यानंतर अनेकांनी विचारणा केली की, ‘गुडघे ठीक आहेत; परंतु रात्री तळपायाची आग होते, बोटांत मुंग्या येतात, घोट्याच्या आतल्या बाजूस कळ उठते. त्यासाठी घरच्या घरी काय करावे?’ मी वैद्यकशास्त्राचा नव्हे, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तरीही या प्रश्नावर लिहिण्याचा थोडाबहुत अधिकार मला आहे, कारण हे दुखणे मी स्वतः भोगले आहे आणि त्यावरचा उपाय आधी चुकीचा व मग योग्य, असा दोन्ही प्रकारे करून पाहिला आहे.

सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने सायंकाळी फिरावयास जाऊ लागलो. छत्तीस वर्षे खुर्चीत बसलेल्या देहाला मी एकदम दीड तास चालायला लावले, आणि तेही पातळ तळाच्या चपला घालून. तीन महिन्यांत उजव्या तळपायाची आग होऊ लागली. मध्यरात्री जाग यावी, पांघरुणातून पाय बाहेर काढावा, फरशीवर ठेवावा, तेव्हा कोठे डोळा लागावा. टाच दुखते असे समजून मी पायाखाली बाटली फिरवली. मग कोणीतरी सांगितले म्हणून पंचा पावलात अडकवून, दात-ओठ खाऊन पाऊल स्वतःकडे ओढू लागलो. जितके दुखेल तितका गुण येईल, अशी माझी समजूत होती. आठ दिवसांत आग दुप्पट झाली.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घोट्याच्या आतल्या हाडामागे बोटाने हलकेच टकटक केले आणि विजेचा झटका बसावा तशी झिणझिणी थेट अंगठ्यापर्यंत गेली. या खुणेला ‘टिनेलची खूण’ म्हणतात. ज्यूल टिनेल या फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञाने १९१५ साली तिचे वर्णन केले. माझी टाच बिघडलेली नव्हती. घोट्यात एक नस दबली होती.

नस दबते म्हणजे काय होते?

आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू, असे समजावे. कमरेतून निघालेली एक मोठी नस मांडीच्या व पोटरीच्या मागून खाली येते आणि घोट्याच्या आतल्या हाडामागून तळपायात शिरते. तेथे एका बाजूला हाड आणि वरून एक चिवट पट्टा, अशी अरुंद वाट आहे. त्याच वाटेतून बोटे वाकवणारे स्नायूबंध आणि रक्तवाहिन्याही जातात. वाट अरुंद आणि वर्दळ मोठी. सूज आली, पाऊल आतल्या बाजूस कलंडू लागले, वजन वाढले किंवा जुना मुरगळा असला, की ही वाट अधिकच आवळली जाते आणि नस दबते. १९६२ साली केक आणि लॅम या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. इंग्रजीत त्याला ‘टार्सल टनेल सिंड्रोम’ असे नाव आहे.

टाचेच्या नेहमीच्या दुखण्याहून हे दुखणे वेगळे ओळखता येते. टाचेचे दुखणे सकाळी पहिली पावले टाकताना तीव्र असते आणि पुष्कळदा चार पावलांनंतर सैलावते. नसेचे दुखणे उभे राहिल्याने व चालल्याने वाढत जाते, रात्री छळते, आणि त्यात दुखण्यापेक्षा आग, मुंग्या, झिणझिण्या व बधिरता अधिक असते. कळ कमरेतून निघून मांडीमार्गे खाली उतरत असेल, खोकताना-शिंकताना वाढत असेल, तर मूळ कमरेत असण्याचा संभव असतो. चवड्यात, तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मध्ये खडा रुतल्यासारखे वाटत असेल, तर पुढे निमुळत्या होणाऱ्या घट्ट पादत्राणांकडे आधी पाहावे.

डॉक्टरांनी मला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट भगिनीकडे पाठवले. माझी पंचाची कसरत ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘काका, स्नायू ताणला की सैल होतो, पण चिडलेली नस ताणली की आणखी चिडते. तिला ओढू नका, तिला सरकू द्या.’’ पुढे त्यांनी पायजम्याच्या नाडीचे उदाहरण दिले. नाडीचे एक टोक ओढताना दुसरे मोकळे सोडले, तर ती नेफ्यातून सहज सरकते. दोन्ही टोके एकाच वेळी ओढली, तर नुसतीच ताणली जाते. माझा सारा घोटाळा या एका उदाहरणात उलगडला.

घरी करावयाचे पाच व्यायाम

पुढील व्यायाम मला शिकवले गेले, त्याच क्रमाने देतो. सर्व मिळून पंधरा मिनिटे पुरतात. एकदा तज्ज्ञांकडून दुखण्याचे निदान करून घेऊन मगच आरंभ करावा.

१. घोट्याची हालचाल : खुर्चीत बसून पाऊल जमिनीपासून थोडे उचलावे. चवडा वर, चवडा खाली, असे पंधरा वेळा करावे. मग अंगठ्याने हवेत एकपासून दहापर्यंतचे अंक मोठे-मोठे काढावेत. हालचाल घोट्यातून व्हावी, गुडघ्यातून नव्हे. याने सांधा मोकळा होतो आणि सूज ओसरण्यास मदत होते.

२. नस सरकवणे : हा या विकारातील मुख्य व्यायाम. खुर्चीत ताठ बसावे. गुडघा हळूहळू सरळ करीत पाय समोर उचलावा, चवडा आपल्याकडे आणावा आणि त्याच वेळी नजर छताकडे न्यावी. मग गुडघा वाकवीत पाय खाली आणावा, चवडा सैल सोडावा आणि त्याच वेळी हनुवटी छातीकडे न्यावी. पाय वर जाताना मान मागे, पाय खाली येताना मान पुढे. खालचे टोक ओढले जात असताना वरचे टोक मोकळे राहते, म्हणून नस ताणली न जाता सरकते. असे दहा वेळा, दिवसातून एकदा करावे. आठवडाभर त्रास न वाढल्यास दोनदा करावे. कोठेही थांबून धरून ठेवू नये, झटका देऊ नये. मानेचे दुखणे किंवा चक्कर असणाऱ्यांनी मान न हलवता केवळ पायाची हालचाल करावी, तीही थोडी कमी.

३. पोटरी सैल करणे : भिंतीला दोन्ही हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा. टाच जमिनीवर, गुडघा सरळ. मग शरीर हळूच पुढे झुकवावे. पोटरीत सुखद ताण जाणवेल तेथे तीस सेकंद थांबावे. तीन वेळा करावे. नंतर मागचा गुडघा किंचित वाकवून तेच पुन्हा करावे. त्याने पोटरीचा आतला स्नायू सैल होतो. हा स्नायूचा ताण आहे, म्हणून येथे थांबावयाचे. मात्र तळपायात झिणझिण्या सुरू झाल्या, तर मागे यावे.

४. तळपायाची कमान उचलणे : पाऊल जमिनीवर सपाट ठेवावे. बोटे न मुडपता चवड्याचा अंगठ्याखालचा भाग टाचेच्या दिशेने ओढल्यासारखे करावे. म्हणजे कमान किंचित उंचावते. पाच सेकंद धरून सोडावे. दहा वेळा. हे जमेपर्यंत जमिनीवर नॅपकिन पसरून तो बोटांनी गोळा करण्याचा सराव करावा. कमान सावरली की पाऊल आत कलंडत नाही आणि त्या अरुंद वाटेवरचा दाब कमी होतो.

५. टाचा उचलणे : ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून दोन्ही टाचा सावकाश उचलाव्यात, तीन अंक मोजून सावकाश टेकवाव्यात. दहा वेळा. हा व्यायाम पहिल्या दोन आठवड्यांनंतर, आग कमी झाल्यावरच सुरू करावा.

या सर्वांना एकच नियम लागू आहे. व्यायाम करताना किंचित जाणीव झाली तर चालेल. परंतु थांबल्यानंतर मुंग्या रेंगाळल्या किंवा त्या रात्री आग वाढली, तर दुसऱ्या दिवशी संख्या निम्मी करावी. आपल्या व्यापारी मंडळींना मुद्दल लवकर फेडण्याची सवय असते. येथे ती उपयोगाची नाही. छोटा हप्ता, पण रोजचा, असे हे खाते आहे. इजा झालेले मज्जातंतू पुन्हा वाढताना साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. शरीराची ही गती लक्षात घेतली, म्हणजे चौथ्याच दिवशी ‘काही गुण नाही’ असे म्हणणे किती उतावीळपणाचे आहे, ते कळते. मला पहिली अखंड झोप पाचव्या आठवड्यात लागली. सहा आठवडे नेमाने करूनही फरक पडला नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. नसेची विद्युत तपासणी, पादत्राणातील आधार, क्वचित शस्त्रक्रिया, असे पुढचे मार्ग आहेत.

गादीवरची बैठक

आपल्या पेढ्यांवर आजही गादी-तक्क्याची बैठक आहे. मांडी घालून तासन् तास बसल्यावर पाय ‘झोपतो’, हा सर्वांचा अनुभव. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, किंचित खाली, हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. मांडी घातल्यावर नेमका तेथे दाब येतो. हा दाब नित्याचा झाला, तर पावलाची वरची बाजू बधिर होते आणि चवडा उचलेनासा होतो; चालताना चप्पल पायातून निसटू लागते. वज्रासनात किंवा उकिडवे फार वेळ बसल्यानेही असेच घडू शकते. पेढीवर दर अर्ध्या तासाने पाय मोकळे करावेत, बैठक बदलावी.

सामायिकाची ४८ मिनिटे स्थिर आसनात बसावयाचे असते. ज्यांच्या पायांना असा त्रास आहे, त्यांनी आरंभीच अशी बैठक निवडावी, जी अखेरपर्यंत निभेल. आसनाखाली जाडसर घडी घ्यावी किंवा प्रकृतीनुसार खुर्चीवर बसण्याविषयी आपल्या गुरुमहाराजांना विचारावे. मध्येच पाय बधिर होऊन सारे लक्ष पायाकडे जावे, त्यापेक्षा हे निश्चितच बरे.

जो पाय दुखत नाही

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास घेतला, ते सांगतो.

माझे थोरले बंधू कापडाचे व्यापारी. वय ७१, मधुमेह अठरा वर्षांचा. मी खुर्चीत बसून पाय वर-खाली करीत असे, तेव्हा ते माझी थट्टा करीत. ‘‘अरे, तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे मी, साखरही आहे, पण पायाची कधी तक्रार नाही बघ माझी.’’ मीही म्हणालो, ‘‘दादा, तुम्ही भाग्यवान.’’

दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी होती. एके दिवशी वहिनींना चादरीवर डाग दिसला. पाहतात तो दादांच्या तळपायात, अंगठ्याच्या बाजूच्या बोटाखाली, कापडाला लावतात तसली टाचणी रुतलेली. भोवती जखम चिघळलेली. टाचणी कधी रुतली, ते दादांना सांगता येईना. ती घेऊन ते पेढीवर गेले होते, मंदिराची पायरी चढले होते, घरभर फिरले होते. त्यांना काही कळलेच नव्हते. दोन महिने मलमपट्टी झाली आणि शेवटी ते बोट काढावे लागले. रुग्णालयात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. दादा म्हणाले, ‘‘दुखले असते तर बरे झाले असते रे.’’

बँकेत मी कित्येक वर्षे शाखा तपासणीचे काम केले. तक्रारी येणाऱ्या खात्यापेक्षा ज्या खात्यात महिनोन्महिने काहीच हालचाल नाही, ते खाते तपासणीस अधिक बारकाईने पाहतो. हे मला कागदावर ठाऊक होते. घरात मात्र मी तक्रार नसलेल्या पायाला भाग्यवान म्हणालो, ही खंत मनातून जात नाही.

मधुमेहामुळे नसांना होणारी इजा बहुधा दोन्ही पायांत, बोटांपासून सुरू होते आणि मोजा वर चढवावा तशी वर सरकते. आधी मुंग्या, मग आग, मग बधिरता. आग थांबली म्हणून पुष्कळांना बरे वाटते. प्रत्यक्षात कधी कधी नसेने तक्रार करणेच सोडलेले असते. अशा पायाला वर दिलेल्या व्यायामांनी संवेदना परत मिळत नाही. त्याला साखरेवरचे नियंत्रण हवे आणि डोळ्यांची राखण हवी. म्हणून ज्यांच्या घरी मधुमेही व्यक्ती आहे, त्यांनी एवढे करावे :

रात्री निजण्यापूर्वी दोन्ही तळपाय व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा ठेवावा किंवा घरातील कोणी पाहावे. पायात गरम पाण्याच्या पिशव्या घेऊ नयेत, आणि पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने पाहावे. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला टेकवून ही तपासणी काही मिनिटांत होते.

आपण मंदिरात अनवाणी जातो, शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या पुष्कळजण अनवाणी चढतात. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तापलेल्या संगमरवराचा चटका कळत नाही, फोड मात्र येतो. त्यांनी पहाटेची वेळ निवडावी, अंथरलेल्या पट्टीवरूनच चालावे आणि दर्शन करून परतल्यावर तळपाय पाहिल्याखेरीज चपला घालू नयेत. यात्रेला निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाशी निगडित आहे. नसांच्या आरोग्यासाठी बी-१२ जीवनसत्त्व अत्यावश्यक असते. शाकाहारात ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. ज्यांचे दूध-दही कमी आहे, जे दीर्घ तपश्चर्या करतात, आणि जे मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेत आहेत, त्यांच्या शरीरात ते कमी पडण्याचा संभव अधिक असतो. ही गोळी बी-१२ चे शोषण कमी करते. पायात मुंग्या येत असतील तर रक्ताच्या साध्या तपासणीने हे कळते आणि वेळीच कळल्यास उपचार सोपा आहे. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

विलंब नको

पुढील लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे : चवडा एकाएकी उचलेनासा होणे, दोन्ही पायांत अशक्तपणा येऊन लघवी-शौचावरील ताबा सुटणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे, मधुमेही व्यक्तीचे पाऊल लाल, गरम होऊन सुजणे, मग ते दुखत नसले तरी, एकाच पोटरीला सूज व वेदना येणे, आणि तळपायावरची कोणतीही जखम.

आज दादा पुन्हा गादीवर बसतात; पायात डॉक्टरांनी सांगितलेली मऊ तळाची पादत्राणे असतात. रात्री नऊला मी त्यांच्याकडे जातो. मी खुर्चीत बसून माझे दहा-दहा वेळा पूर्ण करतो, आणि वहिनी विजेरी घेऊन त्यांचे तळपाय पाहतात. सारे पाहून झाले की दादा म्हणतात, ‘‘आजची शिल्लक बरोबर.’’ मग आम्ही तिघे कोमट पाणी घेतो आणि मी घरी येतो.

वाचकहो, आज रात्री आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांचे पाय दुखतात का, एवढेच विचारू नका. ते पाय एकदा उजेडात पाहा.